मशीन वाढवलं तो भाद्रपद

भाद्रपद संपत आला की बहूबाजारच्या गच्च्यांवर पतंग चढायला लागतात. मला या बंगाली शहरात येऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, तरी ते मला चुकीच्या महिन्यातले पतंग वाटतात. पतंग संक्रांतीला उडवायचा. इथं तो विश्वकर्म्याच्या पूजेला उडवतात, आणि तेच बरोबर आहे असं इथल्या लोकांना वाटतं. आज तो दिवस आहे. गल्लीतल्या सगळ्या भट्ट्या गार आहेत. एरवी सकाळी सातपासून तेजाबाच्या वाफेनं डोळे चुरचुरतात; आज नुसता धूप, आणि कुणाच्या तरी घरात मटण शिजतंय त्याचा वास. माझ्या भट्टीवरच्या गोपालदानं मुशी घासूनपुसून फळीवर पालथ्या मांडल्यात. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. मी दुकानाच्या पायरीवर बसलोय. आत पडद्यावर हिरवी ओळ दिसते: मूस चालू, ३६५ दिवस.

ती ओळ वाचली आणि मागचा भाद्रपद आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेलाच नव्हता. पण आत दुखलं वगैरे काही नाही. गार भट्टीत हात घातला तर राख हाताला लागते, ऊब लागत नाही. तसं.

आम्ही गलाईवाले. सांगलीकडच्या कोरड्या गावांतून आमची माणसं सगळ्या मुलखात पांगली. जिथं सोनारांची आळी, तिथं एका कोपऱ्यात आमची भट्टी. सोनं गाळायचं, त्यातली भेसळ काढायची, सोन्याचा टंच, म्हणजे खरेपणा, किती ते सांगायचं. सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा आम्ही घेतो, धुतो, जाळतो आणि तिच्यातनं सोनं काढतो. माझं शिक्षण चौथी. पण दगडावर घासलेली रेघ बघून मी टंच सांगायचो आणि यंत्र मागाहून तेच सांगायचं. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. फुशारकीनंच लिहितोय, पण खोटं लिहीत नाही.

आमची हत्यारं पुजायची ती खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. विश्वकर्म्याशी माझं भांडण नव्हतं, पण दुसऱ्याच्या सणासाठी आपली भट्टी का विझवायची, असं माझं म्हणणं. म्हणून सगळी गल्ली थंड असताना माझी भट्टी पेटलेली असायची. गोपालदा त्या दिवशी रजा घ्यायचा. मी एकटा धग खात बसायचो, आणि पतंग कटला की गच्च्यांवरून पोरं “भो-काट्टा” ओरडायची. काम काहीच नसायचं. सोनारच बंद, तर गाळायला आणणार कोण? तरी मी कालच्याच राखेवर शेगडी पेटवून बसायचो. बायको असेतो म्हणायची, “तुम्ही सोनं नाही, हट्ट गाळताय.” ती जाऊन आता बरीच वर्षं झाली.

सुहास माझा एकुलता. पूर्वी आम्ही टंच कागदाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायचो. चिठ्ठ्या हरवायच्या, भिजायच्या, त्यावरून तंटे व्हायचे. सुहासनं ठरवलं की टंच सरळ सोनाराच्या मोबाइलवर जायला पाहिजे, आणि जुनी चिठ्ठीही त्याला हवी तेव्हा दिसली पाहिजे. त्यासाठी त्यानं एक मशीन भाड्यानं घेतलं. मी म्हटलं, ठेवणार कुठं, दुकान दहा बाय आठ. तो म्हणाला, “तात्या, ते इथं नाही ठेवायचं. ते ढगात असतं.” मी वर बघितलं नाही, एवढा मी अडाणी नाही. गोपालदानं मात्र बघितलं.

मशीनचं नाव त्यानं ‘मूस’ ठेवलं. मला नाव पटलं, बाकी काही पटलं नाही. जी वस्तू हाताला लागत नाही ती बंद पडली तर कळणार कसं? मी रोज सकाळी दुकानात पाय ठेवला की विचारायचो, सुहास, मशीन चालू आहे का. महिनाभर त्यानं उत्तर दिलं. मग कंटाळला आणि पडद्यावर माझ्यासाठी ती हिरवी ओळ टाकली. मशीन किती दिवस न थांबता चालू आहे ते तिथं दिसतं. त्यानंतर मी विचारायचं सोडलं. गंध लावायचं, दिवा लावायचा, ओळ वाचायची.

चारशे सदुसष्टाव्या दिवशी सुहास गेला. हावड्याला नव्या मुशी आणायला गेलेला, लाँचनं परत येत होता. छातीत कळ आली. लाँच या काठाला लागायच्या आत सगळं झालं होतं. मुशींची पेटी कुणी भल्या माणसानं दुकानावर आणून दिली. एकही फुटली नव्हती. तेरावा करून मी दुकान उघडलं, तर पडद्यावर: मूस चालू, ४८१ दिवस. मशीनला कळलं नव्हतं.

मला त्याचा राग आला नाही. उलट, कुठंतरी एक जागा आहे जिथं ही बातमी अजून पोचलेली नाही, एवढं बरं वाटलं. बरं वाटलं हा शब्दही मोठा आहे. रोज सकाळी मी एक आकडा वाचायचो आणि तो कालच्यापेक्षा एकानं जास्त असायचा. सुहासनं एकदा बटण दाबलं होतं आणि ते दाबणं अजून संपलं नव्हतं.

आता एका शब्दाचं सांगायला पाहिजे. आमच्यात अशुभ बोलत नाहीत. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. काचेची बांगडी फुटली तरी ती फुटत नाही, वाढते. गोपालदाला पस्तीस वर्षांत मराठीचे पंधरा-वीस शब्द आले, त्यातला हा पहिला. रोज संध्याकाळी मी म्हणतो, “गोपालदा, वाढवा,” आणि तो शटर ओढतो.

माझी सून रेवा. तिचं माहेर बालीगंजचं. आजोबा बँकेतल्या बदलीवर आले आणि इथलेच झाले. तिची मराठी चार भिंतींतली, स्वच्छ आणि सरळ. एका शब्दाला एक अर्थ. ती सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करते. सियालदाहून मेट्रोनं जाते. काम हेच, लोकांची अशी भाड्याची मशीनं सांभाळायची. सुहासला ती त्यावरून चिडवायची, की तू घरचा गडी, मी पगारी.

सुहासला नेण्याआधी आमच्यातल्या बायका वर घरात जमल्या होत्या. त्यांतल्या थोरल्या आक्का. मनानं वाईट नाहीत, पण रीत म्हणजे रीत. त्या रेवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पोरी, बांगड्या वाढव आता.” रेवाच्या हातांत दोन-दोनच बांगड्या होत्या, ऑफिसात जाणाऱ्या मुली घालतात तेवढ्या. ती आज्ञाधारकासारखी उठली, आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही हात लग्नातल्या हिरव्या चुड्यानं मनगटापासून कोपराकडं भरलेले होते. तिला वाटलं, आणखी घालायला सांगितल्यात. नवऱ्याला निरोप द्यायचा तर सवाष्णीनं हात भरून द्यायचा असेल, असं तिला वाटलं असेल. ती येऊन सुहासजवळ बसली आणि तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. बांगड्या वाजल्या.

आक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, “राहू द्या.” त्या म्हणाल्या, “अहो, पण...” मी म्हटलं, “या घरात काही वाढवायचं नाही.” कुणी तिला अर्थ सांगायचा नाही, हेही मी नंतर एकेकीला बजावलं. त्या बांगड्या तिनं पुढं काढल्याच नाहीत. ऑफिसातही तशीच जायची. बायका मागून काय बोलायच्या ते मला ठाऊक आहे. माझ्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

मग मागचा भाद्रपद आला. इथं नवरात्रातली मोठी पूजा जवळ आली की सोनार दिवसरात्र बसतात, मग धनतेरस, मग लग्नं. टंचाला रांग लागते. आणि मशीन पुरेना. सोनार मोबाइल घेऊन दुकानात उभा, पडद्यावर चाक गरगर फिरतंय आणि चिठ्ठी येत नाही. कोपऱ्यावर दुसरा एक टंचवाला होता, त्याच्याकडं चहा पिऊन होईस्तोवर चिठ्ठी यायची. आमची जुनी माणसं माझ्याकडं न बघता पुढं जायला लागली. पाठमोरा माणूससुद्धा ओळखतो मी, खांद्यावरून.

शनिवारी रेवा घरी होती. दुकानात आली, लॅपटॉप उघडून बघितला आणि म्हणाली, “तात्या, याला जागा पुरत नाही. मशीन वाढवायला पाहिजे.”

मी म्हटलं, “काय?”

“वाढवायला पाहिजे. विश्वकर्म्याच्या दिवशी बाजार बंद असतो, तेव्हा करू.”

तिचं म्हणणं सरळ होतं. मशीन काही लोखंडाचं नाही. एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत मोठमोठी यंत्रं असतात, त्यांतल्या एकाचा एक तुकडा आपण भाड्यानं घेतलेला. तो तुकडा स्वतःला पुरं मशीन समजतो. मी विचारलं, म्हणजे खरं मशीन नाहीच? ती म्हणाली, “नाही. असल्यासारखं वागतं.” हे मला लगेच समजलं. मीसुद्धा त्या महिन्यांत तेच करत होतो. सकाळी उठायचं, गंध लावायचं, सोनाराशी दोन शब्द बोलायचे, तात्या असल्यासारखं वागायचं.

मग तिनं माझ्या भाषेत सांगितलं. सोनं तेच, मूस मोठी घ्यायची. मी म्हटलं, वितळलेल्या सोन्याची मूस बदलत नाहीत. ती म्हणाली, बरोबर, म्हणून आधी थांबवायचं, मग माप बदलायचं, मग सुरू करायचं. चार-पाच मिनिटांचं काम. आतलं सगळं जिथल्या तिथं राहतं, मोबाइल ज्या पत्त्यावर येऊन चिठ्ठी मागतो तो पत्ताही तोच राहील, तो तिनं आधीच बांधून घेतला होता.

“घट किती येईल?” मी विचारलं. सोनं गाळलं की थोडं कमी भरतंच, त्याला आम्ही घट म्हणतो. घट आली नाही असं म्हणणारा गलाईवाला एक तर चोर किंवा खोटारडा.

“शून्य,” ती म्हणाली.

“आणि ही ओळ?”

ती म्हणाली, ओळ परत शून्यापासून सुरू होईल. वर हेही म्हणाली, की तात्या, खरं तर इतके दिवस न थांबता मशीन चालवतच नाहीत, मीच ऑफिसात असं कुणाला करू देणार नाही. सुहासला तुमचीच सवय लागली.

मी म्हटलं, “काही वाढवायचं नाही.”

“तात्या, वाढवलं नाही तर पूजेपर्यंत गिऱ्हाईक राहणार नाही.”

“न राहो. वाढवायचं नाही म्हटलं ना.”

भट्टीशी बसलेला गोपालदा हे ऐकत होता. बाकीची मराठी त्याला वाऱ्यावरची. पण हा शब्द त्याचा रोजचा. सून म्हणते वाढवायचं, विश्वकर्म्याच्या दिवशी. तात्याबाबू म्हणतात वाढवायचं नाही. म्हाताऱ्याला कोण विचारतं, शेवटी सुनेचंच होणार. तो डोळे पुसत चहाच्या ठेल्यावर गेला आणि त्यानं ते सांगितलं.

सोमवारी सकाळपासून माणसं यायला लागली. पहिला एक म्हातारा कारागीर आला, टंच न करता बाकावर बसला आणि विचारलं, “दोकान तुले दिच्छेन, दादा?” दुकान उठवताय का, असं. मला वाटलं त्याला भ्रम झालाय. मग दुसरा आला. तिसऱ्यानं माझा हात हातात घेतला आणि सोडेना. मुलगा गेल्यावर या लोकांनी एवढं केलं नव्हतं. तेव्हा काय बोलावं ते त्यांना कळलं नसेल. दुकानाच्या मरणावर मात्र सगळ्यांना बोलता येत होतं.

रेवा त्या दिवशी मुद्दाम घरी राहिली होती, मला परत एकदा समजवायला. ती दारात असतानाच कोपऱ्यावरचा टंचवाला आला. हातात संदेश मिठाईचा डबा. बसला, पंख्याखाली घाम पुसला, माझ्या वयाची, कष्टाची तारीफ केली. म्हणाला, टंचाचं यंत्र कुठं विकायचं याची काळजी करू नका, मी आहे. गोपालदालाही मी सांभाळून घेईन. एवढं गोड बोलणारा माणूस मी त्या गल्लीत पन्नास वर्षांत बघितला नव्हता.

मी गोपालदाला हाक मारली. विचारलं, हे कुणी पसरवलं. सुनेकडं, त्याच्या बउमाकडं, बोट करून तो मोडक्या मराठीत म्हणाला, “बउमा बोलली तात्याबाबू. मशीन वाढवा. तुमी रोज बोलता, वाढवा मतलब बंद.”

मी रेवाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती. उजव्या हातानं तिनं डाव्या हातातल्या बांगड्या धरल्या, वाजू नयेत अशा.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. काही वाटलं नाही. फक्त तो डबा घेऊन बसलेला माणूस तिच्याकडं बघतोय हे दिसलं, आणि ते मला खपलं नाही. मी त्याला म्हटलं, “बरोबर ऐकलंत. वाढवतोय. विश्वकर्म्यालाच वाढवतोय. आमच्यात मोठं करण्यालाही वाढवणंच म्हणतात. पूजेच्या गर्दीत तुम्हाला चिठ्ठी लवकर हवी असली तर आमच्याकडं या.” संदेश मात्र ठेवून घेतला. गोपालदानं खाल्ला.

अशा रीतीनं मी कबूल झालो. मुलाची आठवण, दुकानाची चिंता, यातल्या कशानं नाही. एका परक्याच्या गोड बोलण्यानं. माणूस कशानं हलतो त्याचा टंच काढता येत नाही.

विश्वकर्म्याच्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी भट्टी पेटवली नाही. ऊन असं की गच्चीवरच्या पोरांचे पाय पोळत असतील. मी लॅपटॉपसमोर पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं. रेवा हसेल असं वाटलं. ती हसली नाही. नारळ उंबऱ्यावर वाढवला. पडद्यावर ओळ होती: मूस चालू, ६७९ दिवस.

रेवा म्हणाली, “तात्या, तुम्ही थांबवता?”

मी म्हटलं, “नको. ते मी एकदा केलंय.”

निमतल्याच्या स्मशानघाटावर बापानं पोराला अग्नी द्यायचा म्हणजे काय, ते तिनं बघितलं नव्हतं, पण तिला कळलं. तिनं बटण दाबलं. हिरवी ओळ थोडा वेळ तशीच राहिली, मग पडदा पांढरा झाला. तेवढंच. आवाज नाही, धूर नाही. मी कान देऊन बसलो होतो, कशासाठी कोण जाणे. बाहेर कुणाचा तरी पतंग कटला आणि सगळी गल्ली ओरडली.

तिनं माप बदलायला सांगितलं आणि आम्ही वाट बघत बसलो. चार-पाच मिनिटं. त्यात ती, पडद्यावरची नजर न काढता, म्हणाली, “त्या दिवशी मला सांगितलं का नाहीत?”

कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही.

“सगळ्यांसमोर मी... आक्का काय म्हणाल्या असतील. तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तरी मी...”

“तू ऐकलंस तेच बरोबर होतं,” मी म्हटलं.

खूप वेळानं, म्हणजे दोनच मिनिटं असतील, तिनं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. म्हणाली, आता सुरू करायचं बटण. मी दाबलं. पडद्यावर आधी जुन्या चिठ्ठ्या आल्या, सुहासच्या हातच्या पहिल्या चिठ्ठीपासून सगळ्या. एकही कमी नव्हती. त्यावर हिरवी ओळ: मूस चालू, ० दिवस.

मी म्हटलं, बघ, घट आली.

ती म्हणाली, “हो.”

धुळीतनं सोनं काढायची विद्या माझ्याकडं आहे. भांड्याला चिकटलेलं, फडक्यात राहिलेलं, कारागिराच्या नखातलंसुद्धा काढतो. सहाशे एकोणऐंशी दिवस कशातनं काढायचे, ते मला येत नाही. दुसऱ्या दिवशी ओळीत एक आला. मग दोन. पूजेच्या आठवड्यात चिठ्ठ्या झरझर जात होत्या, बाकावर जागा नव्हती, पुढं गेलेली माणसं मागं आली आणि मी त्यांना गेल्याचं ओळखलंच नाही असं दाखवलं. रोज आकडा वाचायचो. हा आकडा सुहासचा नव्हता. हा माझ्या बोटाचा होता. तरी वाचायचो.

आणि आज तीनशे पासष्ट. रेवाच्या हातातला चुडा वर्षभरात आपोआप कमी झाला. एक मेट्रोच्या दारात, एक भांडी घासताना, दोन पावसात छत्री उघडताना. काच ती काच. वाढली की ती तुकडे गोळा करते आणि कागदात बांधून ठेवते. कशाला ते मी विचारत नाही. दोन्ही हातांत मिळून सात राहिल्यात. आक्का परवा भेटल्या, त्यांनी मोजल्या असाव्यात. मी त्यांना म्हटलं, पाऊस फार झाला यंदा.

गोपालदानं नारळ सोलून पाटावर ठेवलाय. यंदा त्यानं स्वतःच्या मनानं मुशींना कुंकू लावलंय आणि वर मला ऐकवलंय, की तात्याबाबू, खंडेनवमीला परत लावू, आमचं काय जातंय. रेवा आत्ताच जिन्यावरून खाली आली, लॅपटॉप काखेत. म्हणते, या वर्षी काम आणखी वाढलंय, पूजेला हेही माप पुरणार नाही. मग म्हणाली, “तात्या, वाढवू?”

मी पायरीवरून उठलो. गुडघे धरून उठावं लागतं. आत गेलो, ओळ एकदा वाचून घेतली.

म्हटलं, “वाढव. आणि ते थांबवायचं बटण कुठलं, दाखव मला. या वेळी ते मी दाबतो.”